कोठीतली गिटार

मागच्या वर्षी श्रावणात, जळगावात माझ्या घरी, कुलूपबंद कपाटात ठेवलेल्या एका जुन्या गिटारच्या सहाही तारा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सारख्याच ढिल्या झाल्या. कपाट लोखंडी होतं. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती, आणि शर्ट माझ्या अंगात.

मी आयुष्यभर एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. अमुक गावात विहिरीतून आवाज, तमुक ठिकाणी मूर्तीच्या डोळ्यांत पाणी, अशा बातम्या तालुक्यांवरून यायच्या. त्यांची जागा मीच ठरवायचो. ती टेबलाखालच्या टोपलीत असायची. आता तशाच एका गोष्टीला मी या सदरात जागा मागतोय, हे मला कळतं. म्हणून जे स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो, आणि जे ऐकलं ते कोणाकडून ऐकलं ते सांगतो.

गिटार माझ्या मामांची. मामा धुळ्याचे, पण तरुणपणी भुसावळला रेल्वेत फिटर होते. त्या काळी तिथे अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची बरीच कुटुंबं राहत. शनिवारी त्यांच्या क्लबात नाच असे, बँड असे. मामा खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचे. त्या बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या ड्रायव्हर साहेबांनी त्यांना एक दिवस आत बोलावलं आणि शिकवायला सुरुवात केली. पुढे साहेबांचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा ते गिटार मामांच्या हातात देऊन गेले. हे मामांकडून ऐकलेलं.

ही गिटार आपण नेहमी पाहतो तशी नाही. हिचं पोट सपाट नाही, व्हायोलिनसारखं फुगीर आहे. मध्ये गोल भोक नाही, दोन बाजूंना दोन वळणदार चिरा आहेत. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात ती घोडी चिकटवलेलीच नाही. तारांच्या दाबाने उभी राहते, तारा काढल्या की हातात येते. वाजवणारे हिला आर्चटॉप म्हणतात. माइक नसलेल्या काळात, पितळी वाद्यांच्या गर्दीतून ऐकू यावी म्हणून ती अशी घडवली गेली. आवाज गोड नाही, टणक आहे. लगेच उमटतो, लगेच थांबतो, आणि लांबपर्यंत जातो.

मामांनी तिचा उपयोग त्याच कामासाठी केला, फक्त क्लबात नाही – कानबाईच्या मिरवणुकीत.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. भाऊबंद एकत्र येतात, नैवेद्याला गव्हाचे जाड रोट होतात, बायका गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन, नाचत, फुगड्या घालत नदीवर नेतात. धुळ्यात आमची मिरवणूक पांझरेवर जाते. या मिरवणुकीत गाण्याला पुढे माझ्या मामी असायच्या, आणि त्यांच्या शेजारी पट्टा खांद्यावर टाकून मामा. पन्नास बायकांच्या आवाजात ती गिटार ऐकू यायची. हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

चार वर्षांपूर्वी मामा गेले. त्यानंतर मामी गायल्या नाहीत. कोणी आग्रह केला तर म्हणायच्या, "सूरच सापडत नही माले." नंतर कोणी आग्रहही करेना.

मागच्या वर्षी माझ्या मामेभावाने, प्रशांतने, धुळ्याचं घर सोडायचं ठरवलं. तो शिरपूरला कॉलेजात शिकवतो, मामींनाही तिकडे न्यायचं होतं. कानबाई झाली की घर रिकामं करायचं, असं ठरलं. आवराआवर सुरू झाली तेव्हा गिटार सापडेना. प्रशांतने माळा उपसला, पलंगाखाली पाहिलं, शेवटी मला फोन करून विचारलं की मामांनी ती तुला तर दिली नव्हती ना. मी नाही म्हटलं.

गिटार सापडली ती रोटांसाठी गहू काढायला पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं तेव्हा. गव्हावर आडवी, चादरीत गुंडाळलेली. मी त्या दिवशी धुळ्यातच होतो. दोन्ही चिरांमधून आत कडुनिंबाचा पाला ठासलेला होता.

"आई, हे काय केलंय?" प्रशांत म्हणाला.

"काय म्हंजे? लाकूडच शे ना ते? कीड लागी ते मंग?" मामी म्हणाल्या. "बठ्ठं धान्य पाला टाकीसनच ठेवतस."

"धान्य आणि गिटार..."

"तुना बाप आते नही ते काय झाये? गहूबी अन् हाईबी त्यासनंच शे."

प्रशांतचा शिरपूरचा एक मित्र कॅफे काढत होता. त्याने गिटारचं ऐकलेलं होतं. भिंतीवर टांगायची, वरून दिवा सोडायचा, असा त्याचा बेत. प्रशांतने जवळजवळ हो म्हटलेलं होतं. मी म्हटलं, थांब, आधी वाजवणाऱ्याला दाखवू.

माझ्या ओळखीत वाजवणारा एकच, किरण. जळगावात मुलांना गिटार शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. तो दुसऱ्याच दिवशी धुळ्याला आला, चादर बाजूला केली आणि गिटार मांडीवर घेतली. नंतर चिमट्याने एकेक पान काढायला बसला. शेवटी एक बिब्बा घरंगळत बाहेर आला.

"हाही तुम्हीच?" त्याने विचारलं.

"मंग? पाला एकला कितला दिवस पुरी?"

किरणने गिटार उजेडात फिरवून पाहिली. धुळ्याचा मे महिना सोसूनही तिला कुठे तडा नव्हता. "मामी, म्युझियमवालेसुद्धा इतकं जपत नाहीत," तो म्हणाला. मग त्याने जुन्याच तारांवर एकदा हात फिरवला. आवाज ओसरीतून बाहेर गेला आणि समोरच्या घरातल्या बाईने दार उघडून पाहिलं.

"काका," किरण मला म्हणाला, "मी आजवर वायर लावल्याशिवाय मोठ्याने वाजवलंच नाही. ही बघा. हिला वायर नको, काही नको. हात मारला की हजर. अशी गिटार लोक फोटोत बघतात, आणि कोणी ती भिंतीला टांगणार?"

मामी त्याच्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "लई जाय. कानबाईलोंग ठेव. तुनाकडे सूरमा राहिनी ते तुनी. नही राहिनी ते परत आनी दे, मंग टांगू देत त्यासले."

म्हणजे कानबाईच्या सोमवारपर्यंत ती नीट सुरात राहिली तर किरणची, नाहीतर कॅफेची. किरण हसला. गिटार सुरात ठेवणं हे त्याचं रोजचं काम होतं.

त्याने जळगावात नेऊन नवीन तारा चढवल्या, फोनवरचा ट्यूनर लावून सूर मिळवले. सकाळी पाहतो तर सहाही तारा दोन पडदे खाली. पडदा म्हणजे गिटारच्या गळ्यावरचं एक घर. नवीन तारा ताणतात, ढिल्या पडतात, त्यात नवल नाही, असं त्याने मला सांगितलं. पुन्हा लावली. पुन्हा दोन पडदे. खुंट्या जुन्या झाल्या असतील म्हणून बदलल्या. पुन्हा दोन पडदे. त्याला ढिलं पडण्याचं काही वाटत नव्हतं. त्याला खटकत होतं ते हे, की सहा तारा सहा जाडीच्या, सहा वेगळ्या खुंट्यांवर, आणि तरी सगळ्या अगदी सारख्या उतरत होत्या. एकमेकींशी सुरातच राहत होत्या. "ढिली पडलेली गिटार बेसूर लागते काका. ही लागतच नाही. ही कोणीतरी लावल्यासारखी लागते."

मी म्हटलं, तुझ्याकडे शिकायला येणारी पोरं हात लावत असतील. म्हणून गिटार माझ्या घरी आली आणि सुरुवातीला सांगितलेल्या कपाटात गेली. ठेवण्यापूर्वी ट्यूनरवर सहाही तारा मी स्वतः पाहिल्या. मला संगीत कळत नाही, पण काटा मध्ये आहे की बाजूला एवढं कळतं. सकाळी कपाट मीच उघडलं. दोन पडदे खाली.

साहजिकच मी घरातल्यांची चौकशी केली. घरात मी आणि बायको, दोघंच.

"दुसरी किल्ली आहे का तुझ्याकडे?"

"त्या कपाटाला दुसरी किल्ली तुमच्याच हातून हरवली, आपल्या लग्नानंतर लगेच," ती म्हणाली. "आणि मी गहू निवडते. तारा पिळत नाही."

मी किरणला उष्णतेबद्दल विचारलं, ओलाव्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, दमट हवेत लाकूड फुगतं, तारा उलट चढतात, आणि इतक्या नाही. मग त्याला एक युक्ती सुचली. तार आपोआप ढिली पडू शकते, पण आपोआप घट्ट होऊ शकत नाही. म्हणून त्याने गिटार मुद्दाम चार पडदे खाली उतरवली. तारा इतक्या सैल की वाजताना फडफडत होत्या. पुन्हा कपाट, पुन्हा कुलूप.

सकाळी मी उठण्याआधीच किरण दारात हजर होता. मी कपाट उघडलं. त्याने ट्यूनर लावला. गिटार दोन पडदे वर आली होती. म्हणजे बरोबर त्याच ठिकाणी, जिथे ती दरवेळी जात होती.

किरण खुर्चीत बसला. बायकोने चहा आणला. मग तिनेच म्हटलं, "तिला तिथेच राहायचं असेल तर राहू द्या की!"

"काकू, मला सगळ्यांबरोबर वाजवायची असते. ऑर्केस्ट्रात मी एकटाच दोन पडदे खाली कसा बसू?" किरण म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आणि मामींची अट आहे. सुरात राहिली नाही, हे तर खरंच आहे."

कानबाईच्या सोमवारी सकाळी आम्ही गिटार परत द्यायला धुळ्याला निघालो. एरंडोल सोडलं, पारोळा आलं, तरी किरण ती मांडीवरून मागच्या सीटवर ठेवायला तयार नव्हता. प्रशांतचा कॅफेवाला मित्रही आला होता. भिंतीचं माप त्याच्या फोनमध्ये होतं.

आम्ही पोचलो तेव्हा कानबाई दारातून बाहेर पडत होती. गल्लीत बायका जमल्या होत्या, नाच सुरू होता. मामी ओट्यावर बसून होत्या, मिरवणुकीत नव्हत्या. किरण गिटार घेऊन त्यांच्याकडे निघाला, पण बायकांनी त्याला मध्येच अडवलं.

"ओ गिटारवाला! नुसती धरीसन उभा ऱ्हास का? वाजाड ना!"

"मावशी, ही लागत नाहीये..."

"आम्ही तरी कोठे लागेल शेतस! वाजाड!"

हशा पिकला. गाणं चालू होतं ते एका तरुण सुनेने धरलं होतं, आणि फार वरच्या सुरात धरलं होतं. दुसऱ्या ओळीला निम्म्या बायका गप्प झाल्या, बाकीच्यांचे आवाज चिरकले. कोणीतरी हसली, कोणी खोकली. गाणं मोडलं. तेवढ्या मोकळ्या जागेत किरणने ठेका धरला. गिटार होती तशीच, दोन पडदे खाली. त्याने मला नंतर सांगितलं की परत देण्यापूर्वी एकदा माणसांत वाजवून घ्यावी, एवढंच त्याच्या मनात होतं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. कानबाईला डोक्यावर घेतलेली बाई वळून पाहू लागली.

मामी ओट्यावरून उठल्या.

"कसाले घसा फाडी राहिन्यात बाया?" त्या म्हणाल्या. "खाले ल्या. हाऊ देख, हाऊ वाजाडी राहिना तठे ल्या."

आणि त्यांनी गाणं उचललं. पहिल्या ओळीला आवाज थोडा अडखळला. दुसऱ्या ओळीपासून अडखळला नाही. बायका मागे आल्या. सगळ्यांना झेपणारा सूर होता. प्रशांत दारात उभा होता. त्याच्या हातात आरतीचं ताट होतं आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. त्याची आई तीन श्रावणांनंतर गात होती.

पांझरेच्या काठावर पोचेपर्यंत मामी थांबल्या नाहीत. कानबाईचं विसर्जन झालं, प्रसाद वाटला, आणि घामाने भिजलेला किरण फोन काढून माझ्याकडे आला. चालताना मध्येच वाजवणं थांबवून त्याने मामींच्या आवाजावर ट्यूनर धरला होता. मामींचा सा आणि गिटारची पाचवी तार, दोन्ही एकच. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच. गिटार नेहमीसारखी लावली असती तर ती त्यांच्या सुरात बसली नसती. ती बरोबर दोन पडदे खालीच हवी.

आम्ही दोघं मामींकडे गेलो आणि कपाटाचं, कुलपाचं, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. हातातला प्रसाद किरणला दिला.

"दर सालले ते तिले मना गळाले लावेत," त्या म्हणाल्या. ते म्हणजे मामा. "कानबाईना आगला शनवारले बसेत, माले म्हनेत, सूर दे. मी देऊ. ते लावेत. आते ती सोताच लागस. मंग?"

"मामी, पण कुलूप होतं..."

"गव्हाले कुलूप नव्हतं का? कोठीलेबी कडी व्हती, तरी कीड जासच."

किरणने गिटार त्यांच्यापुढे धरली. "अट हुकली मामी. सुरात राहिली नाही माझ्याकडे."

"राहिनी ना," मामी म्हणाल्या. "मना सूरमा राहिनी. तू तिले वाजाडी. तुनी शे आते. पन दर कानबाईले आठे लई येजो."

कॅफेवाल्या मित्राने तक्रार केली नाही. तो सकाळपासून घरातल्या वस्तू पाहत होता. तो कोठी घेऊन गेला. शिरपूरला ती आता त्याच्या कॅफेत दाराशी उभी आहे, वर काच बसवून टेबल केलंय. ते मी पाहिलं आहे.

त्या सोमवारनंतर गिटार किरणकडे आहे. जळगावला परत आल्यावर त्याने ती नेहमीच्या सुरात लावली. दुसऱ्या सकाळी ती तिथेच होती. दिवाळीत तिथेच होती. लग्नसराईत त्याने ती ऑर्केस्ट्रात वाजवली, जामनेरच्या एका लग्नात तर वीज गेली आणि स्टेजवर फक्त तिचाच आवाज उरला. वऱ्हाडी मंडळींनी त्यालाच पुन्हा वाजवायला लावलं. वर्षभर ती उतरली नाही. खुंट्या त्याच, तारा त्याच जातीच्या, हवा जळगावचीच. मी ओळखीच्या दोन वाद्य दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं, एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. तिघांनी तीन कारणं दिली. तारा ढिल्या होण्याची ती कारणं होती. घट्ट होण्याचं कारण कोणाकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आता या वर्षीचं.

कानबाईच्या आदल्या शनिवारी सकाळी किरणचा फोन आला. "काका, उतरली."

"दोन पडदे?"

"नाही ना... तीन."

मी त्याला म्हटलं, मोजायला चुकला असशील. तो गिटार घेऊन माझ्या घरी आला. आम्ही सहाही तारा पाहिल्या. तीन पडदे खाली होत्या, सगळ्या सारख्या. पांढरी पाच नाही, काळी तीन. किरणला वाटलं, या वेळी खरंच काहीतरी बिघडलंय. तो एक पडदा वर चढवायला निघाला होता. बायको म्हणाली, "राहू द्या. विचारून घ्या तिकडे."

मी प्रशांतला फोन केला. मामींना वर्षभरात कोणी गाताना ऐकलं नव्हतं. त्या शिरपूरला होत्या, तिथे गाण्याचा प्रसंग आला नव्हता. तब्येत ठीक होती. माघात खोकला झाला होता, तो बरा झाला होता. एवढंच.

कानबाई या वर्षी धुळ्यात चुलत मामांच्या घरी बसली. सोमवारी सकाळी सोनगीरच्या बाजूने प्रशांतची गाडी आली, मामी उतरल्या, आणि कोणी काही म्हणण्याआधी बायकांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. किरणने गिटारला हात लावला नव्हता. ती शनिवारी होती तशीच होती.

मामींनी किरणकडे न पाहता गाणं धरलं. आवाज मागच्या वर्षीपेक्षा जड होता, खाली आलेला. किरणने डाव्या हाताने फोन वर धरला. मी स्क्रीनकडे पाहिलं.

काळी तीन. काटा मधोमध होता.